सोल, बुनवॉन, इचॉन : निळ्या नक्षीच्या भांड्यांमागे सहा दिवस

दिवस पहिला

मुंबई ते इंचॉन प्रवासाचं फार काही सांगण्यासारखं नाही, मधे बँकॉकला चार तास बसलो, आईने डब्यातल्या दशम्या काढल्या, आणि सकाळी इंचॉनला उतरून एअरपोर्टच्या ट्रेनने सरळ सोल स्टेशन. धाकटी बहीण घ्यायला आली होती. ती इथे गेली दोन वर्षं रिसर्च करतेय. आई आली लेकीला बघायला आणि मी आले भांडी बघायला, हे आम्ही निघतानाच ठरवून टाकलं होतं.

मी पुण्यात सहा वर्षं पॉटरी शिकतेय. चिनी मातीवर कोबाल्टने, म्हणजे भाजल्यावर निळ्या होणाऱ्या खनिज रंगाने, निळं काम करायला लागले तेव्हा क्लासमधे सगळ्यांचं एकच, जागा दिसली की भर. फूल, वेल, मग वेलीला पानं, मग काठाला बुट्टी. एकदा एका पुस्तकात जोसॉन काळातल्या एका कोरियन घागरीचा फोटो बघितला. एवढी मोठी पांढरी घागर आणि खाली कोपऱ्यात गवताच्या चार काड्या. बस्स. बाकी सगळं मोकळं. तो फोटो डोक्यातून जाईना, आणि असं कोणी का करत असेल हेही कळेना, कारण हात थांबवणं किती अवघड असतं ते मला माहितीये. त्या फोटोमुळे हे सगळं.

संध्याकाळी बहिणीच्या छोट्या खोलीत वरणभात खाल्ला आणि आठ वाजता झोपलो.

दिवस दुसरा

सकाळी मेट्रोने इचॉन स्टेशन. (आठवड्यात दोन इचॉन आले आमच्या वाट्याला. हे सोलमधलं, नदीकाठचं. दुसरं पाचव्या दिवशीचं, भांड्यांचं गाव. मराठीत लिहिलं की दोन्ही सारखीच दिसतात, कोरियन लिपीत वेगळी आहेत.) स्टेशनातूनच भुयारी रस्ता थेट राष्ट्रीय संग्रहालयाकडे जातो. इमारत प्रचंड आहे, २००५ साली इथे हलवलं हे संग्रहालय, आणि कायमची दालनं बघायला तिकीट नाही. तिसऱ्या मजल्यावर भांड्यांची दालनं. आधी गोर्यो काळातली (जोसॉनच्या आधीची राजवट) सेलाडॉन, म्हणजे हिरवट झिलईची, मग बुनचॉन्ग, म्हणजे करड्या मातीवर पांढऱ्या मातीचा लेप दिलेली, आणि मग पांढरी.

पहिली गोष्ट डोळ्यात भरते ती म्हणजे हे पांढरं आपल्या बाथरूमच्या टाइल्ससारखं पांढरं नाही. कुठे दुधावरच्या सायीसारखं, कुठे राखाडी, कुठे बर्फावर सावली पडल्यावर दिसतं तसं निळसर. आई म्हणाली धुतलेल्या धोतरासारखं. खरंच तसंच, नीळ घातलेलं धोतर.

जोसॉन राजवट १३९२ ते १९१०, पाचशेच्या वर वर्षं. कन्फ्यूशियसच्या विचाराने चालणारी. साधेपणा, संयम, पितरांचे विधी नीट करणं, राजाने सुद्धा भपका न करणं, हे सगळं त्यात आलं. पंधराव्या शतकातल्या एका दरबारी विद्वानाने लिहून ठेवलंय की राजा सेजोंगच्या काळात राजाची भांडी फक्त पांढरी असायची आणि पुढे सेजोच्या काळात त्यात रंगीत कामाची भांडी मिसळली. सेजोंग म्हणजे ज्याने कोरियन लिपी दिली तोच. त्याच्याच काळात, १४२८ साली, चीनच्या मिंग सम्राटाकडून निळ्या नक्षीची भांडी भेट म्हणून आली होती. मग कोरियातही तशी करायला घेतली, त्यांना म्हणतात छंग्ह्वा-बेक्जा, म्हणजे निळ्या चित्राची पांढरी भांडी.

आता मुद्दा निळ्याचा. कोबाल्ट कोरियात सहज मिळत नव्हता. तो यायचा चीनमार्गे, आणि चीनकडे यायचा पश्चिमेकडून, इराणच्या बाजूने. कोरियन नाव त्याचं होएहोएछंग, होएहोए म्हणजे मुसलमानी मुलूख आणि छंग म्हणजे निळा. एका रंगाच्या पुडीमागे वाळवंट, उंट, चिनी व्यापारी, राजदूतांचं शिष्टमंडळ एवढी साखळी. त्यामुळे महाग, आणि कधी यायचा कधी नाही यायचा. १४६० च्या दशकात राजा सेजोने देशातच कोबाल्ट शोधायचे हुकूम काढले, दक्षिणेकडच्या जोल्ला प्रांतातून नमुने आले, शोधून देणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. पण बाहेरच्या कोबाल्टची गरज काही सुटली नाही. आणि १४८५ पासून लागू झालेल्या कायद्याच्या संहितेत तर सरळ बंदी, दारूची भांडी सोडून निळ्या कामाची भांडी वापरली तर फटके.

हे वाचून मी बाकावर बसलेच. मला आत्तापर्यंत वाटत होतं की ती मोकळी जागा म्हणजे निव्वळ सौंदर्यदृष्टी. पण ती आधी टंचाई होती. रंग मोजून यायचा, मोजून खर्च व्हायचा, आणि असा रंग कुंभाराच्या हातात देत नसत. राजधानीतल्या चित्रशाळेचे, दोह्वासॉचे, चित्रकार दरवर्षी भट्टीवर पाठवले जायचे आणि ते चितारायचे. दरबारात गुंडाळ्यांवर बांबू आणि आलुबुखाऱ्याची फुलं काढणारी माणसं तीच फुलं गोल भांड्यावर काढत होती. त्यांना कागदावर जागा सोडायची सवय होतीच. टंचाई आणि सवय दोन्ही एका जागी आले.

हे समजल्यावर मी परत पहिल्यापासून सगळं बघितलं. एक झाकणवाली छोटी घागर आहे, जेमतेम वीतभर, पंधरावं-सोळावं शतक, कोरियाचा राष्ट्रीय ठेवा. मे-ह्वाची, म्हणजे आलुबुखाऱ्याच्या जातकुळीतल्या झाडाची खोडं वळत वर गेलीत, त्यावर पक्षी, पलीकडे बांबू. झाडाला खरखरीत साल आहे, ती एका कोरड्या फराट्यात काढलीये. बिस्क भाजलेल्या, म्हणजे काचेसारखा लेप (ग्लेझ) चढवायच्या आधी एकदा भाजलेल्या, मातीवर कोबाल्टचा कुंचला टेकवला की पाणी क्षणात आत शोषलं जातं, पुसता येत नाही, परत फिरवलं तर डाग पडतो. हे मी रोज भोगते म्हणून सांगते, त्या फांदीवरचा एकही फराटा दुसऱ्यांदा फिरवलेला नाही. मी अर्धा तास काचेला नाक लावून उभी होते आणि आई शेजारी शांत बसून होती.

पुढे एका कपाटात अचानक निळं गायब. सगळं तपकिरी. १५९२ ते १५९८ जपानची स्वारी, मग १६२७ आणि १६३६ ला मांचूंची, देश उद्ध्वस्त झाला, कोबाल्ट यायचा बंद झाला. जपान्यांनी कुंभारच्या कुंभार धरून नेले, त्यातल्या यी साम-प्यॉन्ग नावाच्या माणसाला जपानमधे आरिताच्या पोर्सिलेनचा मूळपुरुष मानतात. इकडे मागे राहिलेल्यांनी लोखंडाच्या गेरूसारख्या रंगाने चितारायला घेतलं. त्याच सतराव्या शतकात दरबाराला मेजवानीसाठी ड्रॅगनच्या घागरी मिळेनात म्हणून पांढऱ्या घागरींवर वरून तात्पुरतं चित्र रंगवून वेळ मारून नेल्याच्या नोंदी आहेत. परदेशी वकील समोर बसलेत आणि घागरीवरचा ड्रॅगन ओल्या हाताने पुसला जाईल असा. राजवाड्यातल्या लोकांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल.

पण त्या तपकिरी ड्रॅगनांवर माझा जीव जडला. डोळे बटबटीत, मिश्या उडतायत, अंग दोन फटकाऱ्यात संपलेलं. निळे ड्रॅगन राजेशाही असतात, पाच नखं, खवला न् खवला मोजून. हे तपकिरी मात्र कुणीतरी हात मोकळा सोडून काढलेत.

त्या दिवशी आणखी काही बघणं झालं नाही. बाहेर तळ्याकाठी बसून आणलेले ठेपले खाल्ले.

दिवस तिसरा

ग्यॉन्गबोक राजवाडा. हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, घातलेल्या पोरींची ही गर्दी, आईला ते घोळदार घागरे फार आवडले. राजवाड्याच्या आवारातच राजघराण्याच्या वस्तूंचं संग्रहालय आहे, तिथेही तिकीट नाही.

इथे मला घागरींपेक्षा बरण्यांनी थांबवलं. साध्या पांढऱ्या बरण्या, खांद्यावर चार छोटे कान, झाकणाला भोकं, म्हणजे दोरीने बांधता येईल. एका मोठ्या बरणीच्या आत दुसरी छोटी. बहिणीने पाटी वाचून सांगितलं, राजघराण्यात मूल जन्मलं की त्याची वार कित्येक वेळा धुवून आतल्या बरणीत ठेवायची, ती बाहेरच्या बरणीत, आणि चांगली जागा बघून डोंगरावर पुरायची, सोबत मुलाच्या जन्माची तारीख कोरलेली पाटी. आई लगेच म्हणाली, "अगं आपल्याकडेही वार पुरतात की. तुझी वाड्याच्या मागे पुरलीये, तुझ्या आजीने वर दगड ठेवला होता." मला हे माहीतच नव्हतं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, तेही सोलमधे.

आणि मग ते घडलं ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

एकोणिसाव्या शतकातल्या ताटल्या-वाडग्यांचं कपाट होतं. या काळात निळं स्वस्त झालं होतं, श्रीमंत व्यापाऱ्यांच्या घरीही पोचलं होतं, त्यामुळे नक्षी भरगच्च, दीर्घायुष्याची दहा चिन्हं (सूर्य, डोंगर, पाणी, पाइन, कासव, करकोचा, हरिण वगैरे), सुख आणि आयुष्य या अर्थाची चिनी अक्षरं. मी भराभरा पुढे चालले होते. आई एका पालथ्या ताटलीपाशी थांबली आणि म्हणाली, "ही बघ, नाव घातलंय."

मी म्हणलं कुठे. तिने बोट दाखवलं. तळाला, कड्याच्या आत, बारीक बारीक टिंबं. टिंबांची अक्षरं. कोरियन.

ज्यांनी आपल्याकडची स्टीलची भांडी बघितलीत त्यांना सांगायला नको. लग्नात, बारशाला, मुंजीत भांडं द्यायचं तर दुकानदार ते टकटक मशीन घेऊन टिंबाटिंबांनी नाव घालतो, चि. सौ. कां. अमुक यांस तमुक यांजकडून सप्रेम भेट, खाली तारीख. आमच्या घरात असं एकही पातेलं नाही ज्याच्यावर कुणाचं लग्न लिहिलेलं नाही. आणि इथे ही ताटली, राजाच्या घरची, तिच्यावर अगदी तसंच, भाजून झाल्यावर वरून टोकदार हत्याराने टिंबं मारून लिहिलंय. बहिणीने मोबाईल लावून वाचायचा प्रयत्न केला, मग पाटी वाचली. अशा भांड्यांवर लग्नाचं साल, कुठल्या महालासाठी आणि किती नग एवढं लिहिलेलं असतं. १८३७ साली राजा हॉनजोंगचं लग्न झालं त्यासाठी केलेली भांडी आहेत, १८४७ च्या दरबारी लग्नाचीही आहेत. हे लिहायचं ते महालांमधे भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून.

आई म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडेही जाऊ दिलं की परत येत नसणार."

बहीण आणि मी दोघी गप्प. आईने आयुष्यभर शेजारी गेलेल्या डब्यांचा हिशोब ठेवलाय, तिला ही ताटली माझ्या आधी कळली यात नवल नाही. मी झाडाची साल आणि फराटे बघत होते, तिने भांडं पालथं करून बघितलं.

नंतर दिवसभर आम्ही भांड्यांचे तळच बघत फिरलो, जिथे आरसा ठेवलाय तिथे थांबलो. पितरांच्या विधीसाठीच्या ताटल्या असतात, मधोमध गोलात एकच निळं अक्षर, अर्थ "विधी". दुसऱ्या कामाला वापरायची नाही म्हणून सांगितल्यासारखं. आई म्हणाली सोवळ्यातली.

दिवस चौथा

आज ग्वांगजू. इथे एक सांगून ठेवते, कोरियात दोन ग्वांगजू आहेत आणि लिहिताना बोलताना दोन्ही सारखंच. एक नैऋत्येला मोठं शहर, ते नव्हे. आपल्याला हवं ते सोलच्या आग्नेयेला, ग्यॉन्गी प्रांतातलं. पांग्योला गाडी बदलून ग्यॉन्गगांग लाइनने ग्यॉन्गी ग्वांगजू स्टेशन, तिथून आम्ही टॅक्सी केली कारण बस फार कमी आणि आईचा गुडघा. अर्ध्या तासात डोंगर, मग पाणी. बुनवॉन-री हे छोटं गाव हान नदीच्या काठी, पालदांग धरणामुळे (१९७३) इथे आता तळ्यासारखं पसरलेलं पाणी दिसतं. उत्तर हान आणि दक्षिण हान या दोन नद्यांचा संगमही जवळच.

राजवाड्याचं जेवणखाण सांभाळणारं एक खातं होतं, साओंगवॉन. त्याची भांडी करणारी शाखा म्हणजे बुनवॉन, शब्दाचा अर्थच शाखा-कचेरी. १४६० च्या दशकाच्या शेवटी ही सरकारी भट्टी ग्वांगजूच्या परिसरात सुरू झाली. कायद्यातच खात्याचे ३८० कुंभार नेमून दिलेले. ते भट्टी एका जागी ठेवत नसत, साधारण दहा वर्षांनी आसपासचं जंगल संपलं की बिऱ्हाड हलवायचं, त्यामुळे या तालुक्यात शेकडो जागी जुन्या भट्ट्यांचे अवशेष सापडतात. शेवटी १७५२ ला ते इथे, या गावात, नदीकाठी स्थिरावले. कारण सोपं आहे, लाकडाकडे आपण जाण्याऐवजी लाकूड आपल्याकडे आणायचं. उत्तर हान नदीतून डोंगरातलं लाकूड वाहत यायचं, यांगगूची पांढरी माती होडीतून यायची, आणि तयार भांडी त्याच नदीने राजधानीला जायची.

संग्रहालय एका जुन्या शाळेच्या इमारतीत आहे, गंजक्या रंगाच्या लोखंडी पत्र्यांनी मढवलेली, शेजारी गावची प्राथमिक शाळा. आम्ही गेलो तेव्हा पोरं मधल्या सुट्टीत ओरडत होती. आत फुटक्या तुकड्यांचे थर मांडलेत. एकावर एक चिकटलेले वाडगे, भट्टीत कलंडलेल्या बाटल्या, अर्ध्या निळ्या माशाची शेपूट, आणि ते जाडजूड मातीचे डबे ज्यात चांगली भांडी झाकून भाजायचे म्हणजे राख पडायची नाही. डब्यात भाजलेली भांडी महाग. राजा जॉन्गजोने अठराव्या शतकाच्या अखेरीला या चैनीवर बंदी घातली होती, आणि त्याच्या आधी राजा यॉन्गजोने १७५४ ला हुकूम काढला होता की ड्रॅगनच्या घागरी सोडून कशावरच निळं काढायचं नाही. म्हणजे पुन्हा तेच. बंदी, मग पळवाट, मग बंदी. आणि गंमत वाटते की अठराव्या शतकातलीच भांडी सगळ्यात सुंदर मानतात, गवताच्या त्या चार काड्या याच काळातल्या. ती मोठी पांढरी चंद्र-घागर सुद्धा सतराव्या-अठराव्या शतकातली, दोन मोठे वाडगे तोंडाला तोंड लावून जोडलेले, म्हणून पोटाशी सांधा दिसतो आणि गोल कधीच पूर्ण गोल नसतो.

बाहेर आवारात दगडी शिळा रांगेने उभ्या आहेत. बहिणीने वाचलं, या भट्टीवर देखरेख करणाऱ्या बड्या अधिकाऱ्यांच्या सत्कारासाठी उभारलेल्या. चांगला कारभार केला वगैरे.

मी विचारलं, कुंभारांची नावं?

ती दोनदा फिरून आली. नाहीत म्हणाली.

१६९७ सालची दरबारी नोंद आहे, या सरकारी भट्टीचे ३९ कुंभार एका वर्षात उपाशी मेले. हा आकडा मी घरी असतानाच वाचला होता, पण त्या शिळांसमोर उभं राहून तो वेगळाच वाटला. आकडा आहे, नावं नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दुसरं काम करायची परवानगी नव्हती, कुंभाराचा मुलगा कुंभारच. काल बघितलेल्या ताटलीवर महालाचं नाव आहे, लग्नाचं साल आहे, नग किती तेही आहे. चाकावर ती ज्याने ओढली त्याचं काही नाही. मला राग आला आणि तो दिवसभर गेला नाही. कौतुक करायला गेलं की असं होतं, ज्याचं कौतुक करायचं तो माणूसच सापडत नाही.

१८८३ ला सरकारने हात काढून घेतला, भट्टी खाजगी झाली, आणि कारखान्यातल्या स्वस्त जपानी मालापुढे टिकली नाही.

गावात सगळी हॉटेलं माशाच्या रश्श्याची, तिथलं ते प्रसिद्ध आहे, आई खात नाही म्हणून आम्ही भाज्यांचा बिबिंबाप (भातावर भाज्या घालून कालवायचा) मागवला, अंडं नको म्हणून बहिणीने तीनदा सांगितलं. हॉटेलच्या मालकीणबाईंना कळलं आम्ही भांडी बघायला आलोय, तर त्यांनी ती तेलाच्या बाटलीची गोष्ट सांगितली, इथे सगळ्यांना ती पाठ असावी. याच भागातली एक म्हातारी रानभाजी खुडायला गेली असता तिला जुन्या भट्टीच्या जागेपाशी उंच मानेची पांढरी बाटली सापडली, तिने ती तिळाचं तेल भरायला वापरली, मग एका वॉनला (वॉन म्हणजे तिथला रुपया) विकली. ती बाटली हातोहाती फिरत १९३६ च्या सोलमधल्या लिलावात आली आणि जॉन ह्यॉन्ग-पिल या तरुण संग्राहकाने जपानी व्यापाऱ्यांशी चढाओढ करून १४,५८० वॉनला घेतली. त्या काळी हजार वॉनला सोलमधे चांगलं घर यायचं म्हणतात. देश जपानच्या ताब्यात होता, वस्तू भराभर बाहेर चालल्या होत्या, आणि या माणसाने वडिलोपार्जित संपत्ती त्या थांबवण्यात घातली. आज ती बाटली त्याच्याच गानसॉन्ग संग्रहालयात आहे, राष्ट्रीय ठेवा. त्यावर शेवंती, गवत आणि किडे, निळा कोबाल्ट, तपकिरी लोखंड आणि लाल तांबं तिन्ही एकाच भांड्यावर, आणि ज्याने भट्टी लावलीये त्याला विचारा हे तिन्ही एका भाजणीत साधणं काय असतं. तांबं तर जरा हवा कमीजास्त झाली की उडूनच जातं.

मालकीणबाई म्हातारीला म्हातारीच म्हणाल्या. तिचंही नाव नाही.

दिवस पाचवा

इचॉन, दुसरं. त्याच लाइनवर पुढे सिनदुन-दोयेचॉन स्टेशन, नावातच कुंभारांचं गाव आहे. इथे शेकडो स्टुडिओ आहेत, युनेस्कोच्या हस्तकलेच्या शहरांच्या यादीत हे २०१० पासून आहे. बहुतेकांकडे गॅसच्या नाहीतर इलेक्ट्रिक भट्ट्या, पण डोंगरउतारावर चढत जाणाऱ्या, खोल्याखोल्यांच्या लाकडाच्या भट्ट्याही जपल्यात, पाइनचं लाकूड घालून.

बहिणीने एका स्टुडिओत तासभर चितारायची वेळ घेतली होती. शिकवणाऱ्या बाई साधारण आईच्या वयाच्या. त्यांनी तिघींना बिस्क भाजलेल्या ताटल्या दिल्या, गुलाबीसर, खडूसारख्या कोरड्या. कोबाल्ट पाण्यात कालवलेला, राखाडी-काळा, त्यात निळ्याचा मागमूस नाही. निळा तो होतो वर पारदर्शक ग्लेझ चढून १२५० च्या पुढे तापल्यावर. म्हणजे चितारणाऱ्याला काढताना आपलं निळं दिसतच नाही, ते डोळ्यासमोर कल्पनेत धरूनच काढायचं.

मी बांबू काढायला घेतला. मनात ठरवून टाकलं होतं, तीन पेरं, पाच पानं, बाकी मोकळं. बाई मागे उभ्या होत्या. कुंचला भरून घेतला तर त्यांनी माझा मनगट धरून बाऊलच्या काठाला कुंचला निथळवला, पुन्हा निथळवला, आणि मग सोडलं. भाषा काही कळत नव्हती पण निथळव एवढंच म्हणत असणार. पाच पानं झाली आणि हात आपोआप सहाव्या पानाकडे निघाला. मी कुंचला खाली ठेवला आणि हात मांडीखाली घेऊन बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

आईने वरच्या बाजूला काहीच काढलं नाही. ताटली पालथी घातली, चष्मा सावरला आणि मागे देवनागरीत टिंबाटिंबांनी लिहायला लागली. पूर्ण वीस मिनिटं. "सोल येथे लेकींसमवेत", खाली तारीख. बाई बघायला आल्या, बहिणीने त्यांना समजावून सांगितलं की आमच्याकडे असं भांड्यावर घालतात, राजवाड्यातल्या त्या ताटलीसारखंच. त्यांनी ओळखलं. जोरात मान हलवली, काहीतरी लांबलचक बोलल्या, आईच्या पाठीवर हात ठेवला.

मग आईने ताटली आणि कुंचला त्यांच्याकडे सरकवला. "त्यांना म्हण, तुम्ही तुमचं नाव घाला. ताटली तुम्ही घडवलीये ना."

बहिणीने सांगितलं. बाई आधी हसल्या, हाताने नाही नाही केलं, ही तुमची ताटली म्हणाल्या. आई कुंचला पुढे धरून तशीच बसली. शाळेत तीस वर्षं शिकवलंय तिने, ती वाट बघू शकते. शेवटी बाईंनी कुंचला घेतला, निथळवला, आणि आईच्या तारखेखाली तीन अक्षरं लिहिली. टिंबांनी नाही, सरळ.

दुपारी इचॉनचा भात जेवलो. इथला तांदूळ राजाकडे जायचा म्हणतात. वीस वाट्यांमधे वीस प्रकार, भात दगडी भांड्यात, आणि भात काढून घेतला की खालच्या खरवडीवर गरम पाणी ओतून झाकण ठेवायचं, जेवणाच्या शेवटी ते प्यायचं. आईला ते इतकं आवडलं की तिने दुसऱ्या दिवशीही तेच मागितलं.

दिवस सहावा

विमान रात्रीचं होतं म्हणून सकाळी हान्नाम-दोंगला लीउम संग्रहालयात जाऊन आलो. तिथे एकच गोष्ट बघायची होती. सोळाव्या शतकातली प्याल्याखाली ठेवायची छोटी बशी, कडेला शेवंतीची फुलं, एक किडा उडत आलेला, आणि मधोमध तीन निळी अक्षरं, "काळजी विसरायची जागा". दारूचा प्याला वर ठेवला की अक्षरं झाकली जातात, उचलला की दिसतात. कायद्याने दारूची भांडी बंदीतून का सोडली असतील याचा मी फार विचार केला नाही, तिथे उभं राहून ते आपोआप पटतं.

आणि शेजारच्या कपाटात पाण्याच्या झाऱ्या. विद्वानांच्या टेबलावरच्या, सहाणेवर चंदन उगाळतो तशी शाई उगाळायला थेंब थेंब पाणी घालायच्या. पीचच्या आकाराच्या, बेडकाच्या, घराच्या. प्रत्येकीला दोन भोकं, एकातून पाणी येतं, दुसऱ्यावर बोट ठेवलं की थांबतं. इतकी छोटी वस्तू, मुठीत मावेल, आणि त्यावर सुद्धा कोणीतरी निळं एखादंच पान काढून थांबलंय.

एअरपोर्टवर बहीण रडली, आई नाही रडली, मी दोघींच्या मधे.

ताटल्या भाजून पोस्टाने बहिणीकडे आल्या आणि तिच्या एका मैत्रिणीबरोबर डिसेंबरमधे पुण्याला पोचल्या. माझ्या बांबूचं पहिलं पान जवळजवळ काळं आलंय, तिथे कुंचला जड होता, पुढची चार हलकी निळी. आईची टिंबं कुठे गडद कुठे फिकी, "समवेत" मधला म जरा फुटलाय. खालची तीन अक्षरं मात्र एकसारखी, स्वच्छ निळी. ती ताटली आता आईच्या ओट्यावर दह्याच्या सटावर झाकण म्हणून असते, पालथी, म्हणजे लिहिलेली बाजू वर.